आरोग्य विम्याचे नियम बदलले. आपल्या घराला काय मिळणार?

घरात कुणी गंभीर आजारी पडले की उपचाराबरोबर पैशांचीही धावपळ सुरू होते. कुणाकडून उसने मिळतील, भिशी कधी उचलता येईल, सौदीला असलेल्या भावाला फोन करायचा का, असे प्रश्न एकामागून एक येतात. बहुतेक वेळा सर्वांत आधी बाहेर निघते ते घरातल्या स्त्रीचे सोने. मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली शिल्लक आठ दिवसांच्या दवाखान्यात संपते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे, तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजही कुटुंबच मोजते.

या पार्श्वभूमीवर गेल्या दोन वर्षांत आरोग्य विम्यात बरेच बदल झाले. विम्याच्या हप्त्यावरचा कर गेला, जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा कमी झाली, वयाची अट सैल झाली, सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी कार्ड मिळू लागले. आणखी काही बदल विचाराधीन आहेत. यातून आपल्या घराला नेमके काय मिळणार, खर्च कुठे कमी होणार आणि कुठे नाही, याचा हिशोब शांतपणे करायला हवा. थोडक्यात सांगायचे तर हे बदल ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण ज्या घराचे कागद वेळेवर तयार आहेत त्याच घराला त्यांचा लाभ होतो.

करमाफीचे गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीने स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी घेतलेल्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्णपणे रद्द झाला. मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या गट विम्याला मात्र ही सूट नाही.

समजा, एका कुटुंबाचा मूळ हप्ता वर्षाला ३०,००० रुपये होता. त्यावर ५,४०० रुपये कर धरून ३५,४०० रुपये भरावे लागत. आता ३०,००० भरायचे. बचत खरी आहे. पण याला दुसरी बाजू आहे. विमा कंपनी एजंटच्या कमिशनवर, कार्यालयाच्या भाड्यावर जो जीएसटी भरते, त्याची वजावट तिला पूर्वी मिळत असे. ग्राहकाकडून कर घेणे बंद झाल्यावर ती वजावटही बंद झाली. हा भार कंपनी मूळ हप्त्यात मिळवू शकते.

शिवाय हप्ता दरवर्षी तेवढाच राहत नाही. उपचार महागतात, वय वाढते, तसा हप्ता वाढतो. वरच्या उदाहरणात तो दरवर्षी १० टक्क्यांनी वाढला, तर पहिल्या नूतनीकरणाला ३३,००० आणि दुसऱ्याला ३६,३०० होईल. म्हणजे दोनच वर्षांत आपण करासह भरत होतो त्याच्याही पुढे गेलो. करमाफी एकदाच मिळते, हप्त्याची वाढ दरवर्षी येते. त्यामुळे 'आता विमा स्वस्त झाला' एवढ्यावर विसंबून घराचे अंदाजपत्रक आखू नये.

ज्येष्ठांसाठी एक संरक्षण आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आदेश दिला की ६० वर्षे व त्यावरील ग्राहकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी. पण दरवर्षी १० टक्के वाढ झाली तरी आठ वर्षांत हप्ता दुपटीच्या पुढे जातो. आणि साठीच्या आतल्या ग्राहकांना ही मर्यादा लागू नाही.

प्रतीक्षा, वय आणि परदेशातून परतणारे

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, दमा असा आजार आधीच असेल तर त्याच्या उपचाराचा खर्च लगेच मिळत नाही. त्यासाठी काही काळ थांबावे लागते. ही प्रतीक्षा पूर्वी जास्तीत जास्त ४ वर्षे असे. २०२४ च्या नियमांनी ती ३ वर्षांवर आणली. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा काही ठरावीक उपचारांनाही स्वतंत्र प्रतीक्षा असते. तिचीही कमाल मर्यादा आता ३ वर्षे आहे.

दुसरा बदल त्याहून महत्त्वाचा आहे. पॉलिसी सलग ५ वर्षे चालू राहिली, तर त्यानंतर 'तुम्ही माहिती लपवली होती' असे कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत ८ वर्षे होती. याचा अर्थ आजार लपवावा असा मुळीच नाही. फॉर्म भरताना एजंट कधी कधी सांगतो, 'साखर लिहू नका, हप्ता वाढेल.' अशा वेळी त्याचे ऐकू नये. पहिल्या पाच वर्षांत दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर हीच लपवलेली साखर क्लेम बुडवते. तेव्हा एजंट जबाबदार नसतो, कारण फॉर्मवर सही आपली असते. खरे लिहिणे हा इमानदारीचा भाग तर आहेच, पण व्यवहारातही तेच फायद्याचे आहे.

तिसरा बदल वयाचा. कंपन्यांनी ६५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना पॉलिसी उपलब्ध करून द्यावी असा पूर्वीचा नियम होता, त्यामुळे त्यापुढच्या वयात नवी पॉलिसी मिळणे अवघड जाई. एप्रिल २०२४ पासून सर्व वयाच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवाव्यात, असे नियम सांगतात. तरीही तब्येत पाहून एखाद्याचा अर्ज नाकारण्याचा किंवा जास्त हप्ता लावण्याचा अधिकार कंपनीकडे आहे.

हा मुद्दा रत्नागिरी, रायगडच्या अनेक घरांना थेट लागू पडतो. दुबई, कुवेत, सौदीला पंचवीस-तीस वर्षे नोकरी करणाऱ्याचा तिथला विमा नोकरीशी आणि व्हिसाशी बांधलेला असतो. नोकरी संपली की विमाही संपतो. पंचावन्न-साठीला माणूस गावी परततो तेव्हा पगार बंद, साखर आणि रक्तदाब सोबत, आणि इथे एक दिवसाचाही विमा नाही, अशी स्थिती होते. एका भारतीय कंपनीकडून दुसरीकडे जाताना आधी पूर्ण केलेली प्रतीक्षा धरली जाते. परदेशातल्या नोकरीच्या विम्याची मात्र इथे मोजदाद होत नाही. म्हणून परतण्याच्या किमान तीन-चार वर्षे आधी इथे पॉलिसी सुरू करणे शहाणपणाचे आहे. घर बांधायला घेताना जसे आधी पायाचे पैसे बाजूला काढतो, तसेच हे.

मंजुरी लवकर, पण बिलातली कात्री तशीच

डिस्चार्ज मिळाला तरी विमा कंपनीच्या मंजुरीसाठी रुग्ण आणि नातेवाईक संध्याकाळपर्यंत ताटकळत बसतात, हा अनुभव अनेकांचा आहे. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. तीन तासांहून उशीर झाला आणि दवाखान्याने त्यापोटी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे आहेत. हा नियम माहीत असला तर काउंटरवर ठामपणे बोलता येते.

मात्र बिलातून पैसे कापले जाण्याची जुनी कारणे पॉलिसीत आजही असू शकतात. त्यातले सर्वांत मोठे म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. समजा, ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये, एवढेच मान्य आहे. आपण ८,००० रुपयांची खोली घेतली आणि चार दिवस राहिलो. आपल्याला वाटते, रोजचे ३,००० प्रमाणे १२,००० रुपयेच खिशातून जातील. प्रत्यक्षात सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढलेले असतात, म्हणून कंपनी तो खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठात पाच भाग, देते. हा खर्च १,२०,००० असेल तर ७५,००० मिळतात आणि ४५,००० आपल्याकडे येतात. खोलीचे १२,००० धरून ५७,००० रुपये गेले. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे कारण सहभागाची अट. ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा ग्राहकाने भरायचा असतो. तो २० टक्के असेल तर २ लाखांच्या बिलात ४०,००० आपले. स्वस्त दिसणारी पॉलिसी स्वस्त का आहे, हे अशा अटींमध्ये कळते. या अटी थोडक्यात सांगणारे ग्राहक माहितीपत्रक देणे आता कंपनीला बंधनकारक आहे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परतही करता येते. तेवढ्या दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ते माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवावे.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात ही कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

हप्ता न भरता मिळणारे छत्र

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक, फळविक्रेता, शिवणकाम करणारी बहीण यांना वर्षाला तीस हजारांचा हप्ता परवडत नाही. ज्या ठिकाणी १० किंवा अधिक कामगार आहेत आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, तिथे राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होऊ शकतो. त्यात कामगाराच्या पगारातून फक्त ०.७५ टक्के कापले जातात आणि पूर्ण कुटुंबाला उपचार मिळतात. पण लहान कारखान्यांत माणसे कमी, हजेरीपट अर्धवट. त्यामुळे हे छत्र अनेकांच्या डोक्यावर येतच नाही.

अशा घरांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्वांत महत्त्वाची आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डापुरती आणि दीड लाखांपर्यंत असलेली ही योजना जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपये झाले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचे. यादीतल्या उपचारासाठी दवाखान्याने रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते.

ज्येष्ठांसाठीचा बदल वेगळा आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंबाकडे आधीच आयुष्मान कार्ड असेल तर ज्येष्ठांना वेगळे ५ लाख मिळतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. जुन्या आजारासाठी प्रतीक्षा नाही. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

इथेच आपल्या घरांची एक खास अडचण येते. शाळेचे दाखले लिहिताना ती मला नेहमी दिसते. एकाच मुलाचे नाव जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद' आणि रेशन कार्डावर नुसते 'मो.' असते. कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी. लग्नानंतर मुलीचे नाव एका कागदावर वडिलांचे, दुसऱ्यावर पतीचे. रेशन कार्डावर सुनेचे आणि नातवंडांचे नाव चढवलेलेच नसते. शांत दिवसांत ही किरकोळ बाब वाटते. दवाखान्यात संगणकावर नाव जुळले नाही की तीच मोठी होते.

वयाचेही तसेच. वय वंदना कार्डासाठी आधारवरचे वय धरतात. आपल्या अनेक बुजुर्गांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी आणि कुठलेसे साल टाकलेले आहे. दादी प्रत्यक्षात बाहत्तर वर्षांच्या आणि कागदावर सदुसष्टच्या असतील, तर कार्ड मिळणार नाही. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते. म्हणून घाईने सेतू केंद्रात जाण्याआधी जन्माचा पक्का पुरावा हातात असावा.

छत्राबाहेरचा पाऊस

वरच्या कुठल्याही सुधारणेने एक मोठा खर्च फारसा कमी केलेला नाही. तो म्हणजे रोजच्या औषधांचा, तपासण्यांचा आणि डॉक्टरांच्या फीचा. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या, सोनोग्राफी, मुलाचा ताप हे सगळे ॲडमिट न होता होते आणि बहुतेक विमा ॲडमिट झाल्यावरच सुरू होतो. सरकारी योजनाही ठरलेल्या यादीतल्या उपचारांपुरती आहे. या खर्चासाठी जनऔषधी केंद्र, नगरपालिकेचा दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र हेच आधार आहेत.

यादीत उपचार नसेल तर आणखी एक वाट आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर मोफत आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला तयार असेल तर ही वाट सोपी होते.

जायज की नाजायज?

हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातोच. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठरावीक हप्त्याचा व्यावसायिक विमा त्यातल्या अनिश्चिततेमुळे नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा हा पर्याय सांगितला. मलेशियाने तर १९८४ मध्येच तकाफुलचा कायदा केला होता. भारतात तकाफुलसाठी स्वतंत्र कायदा नाही. गरज आणि परिस्थिती पाहून इथले उलमा वेगवेगळी मते देतात. ज्याला शंका असेल त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांसमोर पॉलिसीचे स्वरूप ठेवून विचारावे. सरकारी योजनेत कुटुंब हप्ता भरत नाही, हा फरकही त्यांना सांगावा. खासगी विमा नको असे ज्यांनी ठरवले, त्यांना सरकारी कार्ड, धर्मादाय खाटा आणि जमातीचा आजारपण निधी यांची तर जास्तच गरज आहे.

पुढे काय येणार?

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने वय वंदनाची अट ७० वरून ६० वर आणावी आणि आयुष्मानचे संरक्षण ५ वरून १० लाख करावे, अशी शिफारस केली आहे. ती मान्य झाली तर साठ ते सत्तर वयाच्या लोकांना, म्हणजे ज्यांचा खासगी हप्ता सर्वांत जड होतो त्यांना, मोठा दिलासा मिळेल. पण रक्कम वाढली आणि दवाखान्यांना वेळेवर पैसे मिळाले नाहीत, तर चांगले दवाखाने योजनेत टिकणार नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमा कंपन्यांतली परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ वरून १०० टक्के करणारे विधेयक मंजूर केले. कंपन्या वाढल्या तर स्पर्धा वाढेल, पण हप्ता कमी होईलच असे नाही. कारण हप्त्याच्या मुळाशी दवाखान्याचे बिल असते. त्या बिलावर वचक येत नाही तोवर विम्याची प्रत्येक सुधारणा अर्धी राहील.

म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा येत्या रविवारी घरातले सगळे कागद एका जागी काढावेत. दादा-दादी, नाना-नानी सत्तरीपुढचे असतील तर त्यांचे कार्ड आधी. मग रेशन कार्डावर सर्वांची नावे आणि स्पेलिंग तपासावी. मिळवते भाऊ-बहीण खासगी विमा घेणार असतील तर तब्येत चांगली आहे तेव्हाच घ्यावा, आजार लिहावा, खोलीभाड्याची अट वाचावी आणि हप्ता एकदाही चुकवू नये. सर्व कागदांची एक फाईल करावी आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या बायकांनाही माहीत असावे, कारण रात्री दोन वाजता दवाखान्यात धावताना घरात पुरुष असेलच असे नाही. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी शेजारच्या दोन-तीन घरांचे कागद तपासून दिले, तरी मोठी खिदमत होईल. आजार येणे न येणे अल्लाहच्या हाती आहे, पण उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही.